गोळी झाली... आता बोलूया!

मानसिक आजारासाठी कुणी अ‍ॅडमिट झालं, की आपल्या डोळ्यांसमोर येतं ते कुलूप, इंजेक्शन आणि शॉक. पण त्याच वॉर्डात बोलण्यातूनही उपचार होतात. ते कसे चालतात, कोण करतं आणि त्यात मित्रमैत्रिणींचं काम काय, हे जाणून घेण्याचा हा प्रयत्न.

ग्रुपवर 'डेंग्यू झालाय, अ‍ॅडमिट आहे' असा मेसेज पडला, की पाच मिनिटांत जुळवाजुळव सुरू होते. प्लेटलेट्स किती आल्या, कुठलं हॉस्पिटल, डबा कोण नेणार, जर्नल कोण पूर्ण करून देणार... तेच 'त्याला सायकिअ‍ॅट्री वॉर्डात ठेवलंय' असं कळलं, तर ग्रुप गप्प. थोड्या वेळाने त्याला वगळून दुसरा ग्रुप तयार होतो आणि तिथे कुजबुज सुरू होते. 'नक्की झालंय काय?' 'ब्रेकअप झालं होतं ना त्याचं?' 'शॉक देतात म्हणे.' भेटायला कधी जायचं, हे मात्र कुणी विचारत नाही.

हा विषय आपल्यापासून लांबचा आहे, असं मानून चालणं सोपं आहे. पण स्किझोफ्रेनिया आणि बायपोलर या दोन मोठ्या आजारांची सुरुवात बहुतेकदा विशीच्या आगेमागेच होते. म्हणजे अकरावीच्या अ‍ॅडमिशनपासून पहिल्या नोकरीच्या प्रोबेशनपर्यंतचा काळ. पहिल्यांदा वॉर्डात दाखल होणाऱ्यांमध्ये म्हणूनच आपल्या वयाची मुलंमुली असतात. आज ना उद्या आपल्या बेंचवरचं, आपल्या होस्टेलमधलं कुणीतरी तिथे असू शकतं. कदाचित आपणही.

त्या वॉर्डात औषधं मिळतात, हे सगळ्यांना माहीत आहे. ती हवीतच, त्याबद्दल वाद नाही. प्रश्न त्याच्या पुढचा आहे. गोळी घेऊन झाल्यावर त्या माणसाशी बोलतं कोण? आणि बोलतं तरी काय?

राउंड संपल्यानंतर

मनोविकार वॉर्डातला दिवस बाकीच्या वॉर्डांसारखाच उजाडतो. चहा, नाश्ता, गोळ्या आणि मग डॉक्टरांचा राउंड. 'झोप लागली का? जेवण जातंय का? आवाज येतात का अजून?' एवढं विचारून राउंड पुढच्या कॉटकडे सरकतो. हे प्रश्न महत्त्वाचे असतात, कारण डोस त्यावरूनच ठरतो. पण एका पेशंटच्या वाट्याला त्यातली मोजकीच मिनिटं येतात. उरलेला दिवस लांबलचक असतो. इतर वॉर्डांत पेशंट सलाइन लावून पडलेला असतो. इथले बरेचजण चालते-फिरते असतात. अंगावर प्लास्टर नाही, टाके नाहीत. डोक्यात मात्र प्रश्नांची रांग. मला नक्की काय झालंय? मी वेडा झालोय का? कॉलेजमध्ये काय सांगू? पुन्हा असंच झालं तर?

या प्रश्नांवर गोळी नसते. गोळी झोप आणते, भीती उतरवते, धावणाऱ्या विचारांचा वेग कमी करते. आणि डोकं जरा थंड झालं, की हेच प्रश्न जास्त स्पष्ट ऐकू यायला लागतात. सायकोथेरपीचं काम तिथे सुरू होतं.

इथे एक घोळ आधी मिटवूया. सायकिअ‍ॅट्रिस्ट म्हणजे मनोविकारतज्ज्ञ हा आधी एमबीबीएस डॉक्टर असतो. निदान आणि औषधं ही त्याची जबाबदारी. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट हा मानसशास्त्राचा पदव्युत्तर विद्यार्थी, ज्याने पुढे हॉस्पिटलमध्ये प्रत्यक्ष पेशंटसोबत प्रशिक्षण घेतलेलं असतं आणि ज्याची रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे नोंदणी असते. चाचण्या आणि थेरपी हे त्याचं काम. तिसरा असतो सायकिअ‍ॅट्रिक सोशल वर्कर. घर, नोकरी, पैसा, नातेवाईक या सगळ्या आघाड्या तो सांभाळतो. वॉर्ड नीट चालायचा तर तिघंही लागतात.

इथे समुद्रकिनारा नसतो

थेरपी म्हटलं की आपल्यातल्या बहुतेकांना 'डिअर जिंदगी' आठवतो. गोव्याचा किनारा, सायकल, शाहरुखच्या शांत आवाजातल्या गप्पा. त्यातली आलिया स्वतःच्या पायांनी थेरपिस्टकडे जाते, ठरलेल्या वेळी जाते आणि सेशन संपलं की घरी परतते.

वॉर्डात यातलं काहीच गृहीत धरता येत नाही. समोरचा माणूस कदाचित स्वतःहून आलेलाच नसतो, घरच्यांनी आणलेला असतो. औषधांची गुंगी असते. दहा मिनिटं एका जागी बसणं अवघड असतं. थेरपीसाठी वेगळी खोली असेलच असं नाही. कधी रिकामी ओपीडी, कधी व्हरांड्यातलं बाकडं, कधी कॉटशेजारी ओढलेलं स्टूल. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे उद्या हा पेशंट इथे असेल की घरी गेला असेल, हेही पक्कं नसतं.

मग थेरपी होते तरी कशी? एक उदाहरण कल्पून पाहूया. समजा, इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाचा एक मुलगा आहे. होस्टेलवर राहतो. दोन विषय राहिलेत, रात्ररात्र जागरणं चाललीत. हळूहळू त्याला वाटायला लागतं, की रूममेट आपल्या फोनमधून आपल्यावर नजर ठेवतायत. मग वाटतं, मेसच्या जेवणात आपल्यासाठी काहीतरी मिसळलं जातंय. तो जेवण सोडतो. आईवडील गावाहून येतात आणि त्याला अ‍ॅडमिट करतात.

पहिले काही दिवस थेरपिस्ट त्याच्या संशयाला हातही लावत नाही. दिवसातून एक-दोनदा येतो, दहा मिनिटं बसतो. स्वतःचं नाव सांगतो, इथे काय काय होईल ते सांगतो. आणि विचारतो, 'इथे तुला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतोय?' उत्तर अगदी साधं असू शकतं. 'रात्रीचा लाइट डोळ्यांवर येतो.' मग सिस्टरांशी बोलून त्याची कॉट हलवली जाते. बाहेरून पाहणाऱ्याला ही थेरपी वाटणार नाही. पण सगळं जग आपल्या विरोधात आहे असं वाटणाऱ्या माणसाने एक गोष्ट मागितली आणि ती कुणीतरी ऐकली, याचा त्याच्या लेखी अर्थ खूप मोठा असतो.

संशयाचा विषय निघाला, की आपण सगळे दोनपैकी एक काहीतरी करतो. 'अरे, असं काहीही नाहीये, तुझा भ्रम आहे' म्हणून वाद घालतो, नाहीतर त्याला बरं वाटावं म्हणून 'असेल बाबा' म्हणून मान डोलावतो. पहिल्याने तो आणखी एकटा पडतो, दुसऱ्याने संशय आणखी पक्का होतो. थेरपिस्ट तिसरी वाट धरतो. हे पहिल्यांदा कधी वाटलं? त्या आठवड्यात झोप किती होत होती? ही खात्री शंभर टक्के आहे, की ऐंशी? त्या दिवशी रूममेट हसले, त्याचं आणखी एखादं कारण असू शकेल का? वाद न घालता, दोघांनी मिळून पुरावे तपासायचे.

या पद्धतीचं मूळ बरंच जुनं आहे. पुढे कॉग्निटिव्ह थेरपीचे जनक म्हणून ओळखले गेलेले अ‍ॅरन बेक यांनी १९५२ मध्येच अशा पक्क्या संशयाने ग्रासलेल्या एका पेशंटवर बोलण्यातून केलेल्या उपचारांची नोंद प्रसिद्ध केली होती. आज सायकोसिससाठीची कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी, म्हणजे सीबीटी, ही मान्यताप्राप्त उपचारपद्धती आहे. ब्रिटनमधल्या 'नाइस' या संस्थेची २०१४ ची मार्गदर्शक तत्त्वं तर सांगतात, की ही थेरपी आजार भरात असताना, वॉर्डात असतानाही सुरू करता येते. मात्र त्यासाठी किमान १६ सेशन्स ठरवलेली असावीत. आता गणित करून पाहा. वॉर्डातला मुक्काम काही आठवड्यांचा, थेरपी १६ सेशन्सची. म्हणजे थेरपी वॉर्डात सुरू होते आणि पूर्ण व्हायची तर बाहेर पडल्यावर पुढे चालू ठेवावीच लागते. डिस्चार्ज हा या सिनेमाचा इंटरव्हल आहे. आपल्याकडे बरेचजण तिथेच थिएटर सोडून जातात!

वॉर्डात असताना आणखी एक मोलाचं काम होतं. थेरपिस्ट आणि पेशंट मिळून एका कागदावर आजाराची गोष्ट मांडतात. साधारण चार खण असतात. आधीपासूनचं काय होतं? घरात कुणाला असा त्रास होता का? ठिणगी कशाने पडली? राहिलेले विषय, जागरण, कदाचित होस्टेलवर सुरू झालेला गांजा. त्रास टिकून कशामुळे राहिला? जेवण सोडणं, खोलीत कोंडून घेणं. आणि आधार कशाचा आहे? बहीण, क्रिकेट, एखादे सर. केसपेपरवर आजाराचं नाव असतं. या कागदावर तो आजार याच मुलाला, याच वर्षी का गाठू शकला, हे असतं. 'मी वेडा आहे' पासून 'माझ्यासोबत हे हे घडत गेलं' इथपर्यंतचा प्रवास त्या एका कागदावर होतो.

यात जादू नाही, हेही सांगायला हवं. थेरपीने सगळे आवाज बंद होतील, सगळे संशय जातील असं नाही. अनेकांना औषधं दीर्घकाळ घ्यावी लागतात. पण येणाऱ्या आवाजाला घाबरून रस्त्यावर धावत सुटणं आणि 'हा तोच आवाज आहे, ताण वाढला की येतो' हे ओळखून बहिणीला फोन करणं, या दोन्हींत खूप फरक आहे.

रोज नवा गट, रोज पूर्ण गोष्ट

एकेकट्याला वेळ द्यायला माणसं कमी पडतात, म्हणून वॉर्डात ग्रुप थेरपी येते. पण ग्रुपची अडचण वेगळीच. आज गोल करून बसलेल्या आठजणांतले तिघं परवा घरी गेलेले असतात आणि दोन नवे आलेले असतात. मालिकेचे एपिसोड करावेत तसं 'पुढच्या आठवड्यात बोलू' म्हणायची सोयच नाही.

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ अर्विन यालोम यांनी १९८३ मध्ये नेमकं वॉर्डातल्या ग्रुप थेरपीवर पुस्तक लिहिलं. त्यांनी या अडचणीलाच नियम बनवलं. प्रत्येक सेशन हे पहिलं आणि शेवटचं आहे असं धरून चालायचं. म्हणजे जो आज आला, तो आज काहीतरी घेऊनच उठला पाहिजे. त्यासाठी सुरुवातीला प्रत्येकाने आजच्यापुरता एक छोटा अजेंडा सांगायचा. 'मला आनंदी व्हायचंय' हा अजेंडा चालत नाही, तो तासाभरात होण्यासारखा नाही. 'मी लोकांशी बोलायला बिचकतो, आज या गटात एकाशी तरी बोलून बघायचंय' हा चालतो. बालपण, जुनी भांडणं यांत खोलवर शिरायचं नाही. आत्ता, या खोलीत, या माणसांमध्ये काय घडतंय त्यावर बोलायचं.

आणि तिथे जे घडतं, ते औषधाच्या पाकिटावर लिहिलेलं नसतं. 'मला पण असंच वाटायचं' हे वाक्य डॉक्टर म्हणू शकत नाही, आई म्हणू शकत नाही. ते शेजारच्या कॉटवरचा माणूसच म्हणू शकतो.

ग्रुपचा गैरवापरही होऊ शकतो. १९७५ चा 'वन फ्ल्यू ओव्हर द कुकूज नेस्ट' पाहिला असेल, तर नर्स रॅचेड आठवेल. तीही रोज ग्रुप थेरपीच घेते. फक्त तिथे माणसाचं गुपित बाहेर काढून त्यालाच त्याने बांधलं जातं. खुर्च्या गोलात मांडल्या म्हणजे थेरपी झाली असं नसतं. न बोलण्याचा हक्क आणि बोललेलं इथेच राहील हा विश्वास, या दोन गोष्टी त्यात लागतात.

अमृतसरचे तंबू

आतापर्यंतची नावं अमेरिका-ब्रिटनची आली. पण वॉर्डातल्या उपचारांत भारताने जगाला दाखवलेली एक वाट आहे आणि ती आपल्या घरातूनच जाते.

१९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर काम करत होते. त्या काळी पेशंटला दारात सोडून नातेवाईक निघून जात. अनेकजण परत येतच नसत. डॉ. विद्यासागर यांनी उलटं केलं. हॉस्पिटलच्या आवारात तंबू ठोकले आणि नातेवाइकांना सांगितलं, तुम्हीही इथेच राहा. पेशंटसोबत राहता राहता आजार म्हणजे काय, त्याच्याशी कसं वागायचं, हे घरचे शिकत गेले. पेशंट बरा होऊन निघाला, की सोबत तयार झालेलं कुटुंबही घरी जायचं. पुढे वेल्लोरचं सीएमसी आणि बंगळूरूचं निम्हान्स या संस्थांनीही कुटुंबाला वॉर्डात सामावून घेतलं.

याचं महत्त्व आपल्याला पटकन कळेल, कारण आपल्याकडे पेशंट कधी एकटा अ‍ॅडमिट होतच नाही. अपेंडिक्सचं ऑपरेशन असलं तरी मामा, काकू, शेजारचे सगळे येतात. मनोविकाराच्या बाबतीत मात्र हीच माणसं एकतर गायब होतात, नाहीतर कॉटशेजारी बसून 'जरा मन घट्ट कर, सगळं ठीक होईल' सुरू करतात. त्यामुळे त्यांच्याशी बोलणं हीच एक थेरपी होऊन बसते. आळस वाटतोय तो आळस नाही, आजाराचं लक्षण आहे. सारखे टोमणे आणि सारखी काळजी, दोन्हींनी त्रास वाढतो. गोळ्या कोण बघणार, कुठली खूण दिसली तर लगेच डॉक्टरांकडे यायचं. हे सगळं आईवडील, बहीण आणि पेशंट एका खोलीत बसून ठरवतात. 'देवराई'मध्ये अतुल कुलकर्णीच्या शेषसोबत त्याच्या बहिणीची जी फरफट होते, ती पाहिली असेल, तर घरच्यांना आधाराची किती गरज असते हे वेगळं सांगायला नको.

बोलण्यातून उपचाराचं आपल्या ओळखीचं आणखी एक उदाहरण पुण्यातच आहे. १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने 'मुक्तांगण' सुरू केलं, ते येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारातच. व्यसन सोडायला तिथे माणसं राहायला येतात आणि औषधांच्या जोडीला गटचर्चा, समुपदेशन, ठरलेली दिनचर्या यांतून जातात. स्वतः व्यसनातून बाहेर पडलेले लोक नव्यांना हात देतात. बोलण्याचा उपचार मराठी माणसाला परका आहे, असं म्हणणाऱ्यांसाठी हे एक उत्तर पुरेसं आहे.

मावशी, मामा आणि सिस्टर

थेरपिस्ट दिवसातून एखादा तास दिसतो. चोवीस तास वॉर्डात कोण असतं? सिस्टर, ब्रदर, मावशी आणि मामा. रात्री दोन वाजता कुणी घाबरून उठलं, तर सायकॉलॉजिस्ट घरी झोपलेला असतो. त्या क्षणी मावशी 'गप झोप' म्हणतात की 'बस जरा, पाणी पी' म्हणतात, यावर दिवसभराच्या थेरपीचं पुढे काय होणार ते ठरतं. म्हणून चांगल्या वॉर्डात सायकॉलॉजिस्टचं अर्धं काम स्टाफसोबत चालतं. हा पेशंट का चिडतो, त्याला कशाने शांत वाटतं, कुठला शब्द त्याच्यासमोर टाळायचा, हे सगळ्यांनी मिळून ठरवायचं.

या जवळिकीची एक सीमाही असते. १९६९ च्या 'खामोशी'मध्ये वहिदा रेहमानच्या नर्स राधाला पेशंट बरा व्हावा म्हणून प्रेमाचं नाटक करायला सांगितलं जातं. शेवटी तीच कोलमडते. सिनेमा म्हणून तो अप्रतिम आहे, उपचार म्हणून घातक. माया हवी, फसवणूक नको. स्टाफचाही ताण कुणीतरी ऐकायला हवा, हेही तो सिनेमा नकळत सांगून जातो.

कायदा आहे, माणसं कमी आहेत

आपल्या राज्यात ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. शिवाय केईएम, ससून यांसारख्या मोठ्या रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत. पण देशात एक लाख लोकांमागे पूर्ण एक मनोविकारतज्ज्ञही येत नाही, हे प्रमाण ०.७५ च्या आसपास सांगितलं जातं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट त्याहूनही कमी. निम्हान्सने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचारच पोहोचत नसल्याचं दिसलं होतं. मग जिथे बेड आहे, डॉक्टर आहे, गोळी आहे, तिथे 'थेरपी कुठाय?' असं विचारणं म्हणजे चैन वाटू शकते.

ती चैन नाही. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा उपचारासोबत पुनर्वसनालाही सेवेचाच भाग मानतो. हा कायदा येण्याआधी काय चालायचं, त्याची सगळ्यात भीषण आठवण म्हणजे तमिळनाडूतलं एरवाडी. ऑगस्ट २००१ मध्ये तिथल्या आश्रमाला आग लागली आणि साखळीने बांधलेली २८ माणसं पळताही न आल्याने गेली. आज कायद्याने साखळीने बांधण्यावर बंदी आहे. भूल न देता शॉक देण्यावर बंदी आहे. पेशंटचं डोकं सक्तीने भादरता येत नाही, युनिफॉर्मची सक्ती करता येत नाही, खासगीपणा जपावा लागतो. फोन करण्याचा, भेटायला आलेल्यांना भेटण्याचा किंवा नाही म्हणण्याचा हक्क आहे. डिस्चार्जच्या वेळी पुढचे उपचार कसे होतील, याचं नियोजन पेशंट आणि घरच्यांशी बोलून करावं लागतं. आणि १८ पूर्ण केलेला कुणीही आपल्यावर कसे उपचार व्हावेत, कसे होऊ नयेत, हे आधीच लिहून ठेवू शकतो.

म्हणजेच राउंडला आलेल्या डॉक्टरांना 'थेरपीची सोय आहे का? सायकॉलॉजिस्ट कधी भेटतील? डिस्चार्जनंतर कुणाकडे जायचं?' असं विचारणं हा आगाऊपणा नाही. विचारणारे वाढले, की रिकाम्या जागांचा प्रश्नही कागदावर येतो.

आणि सायकॉलॉजीला अ‍ॅडमिशन घेतलेल्यांनो, हे तुमच्यासाठीही. सगळ्यांनाच स्वतःचं छोटं क्लिनिक आणि इन्स्टावर पेज हवं असतं. वॉर्डात ग्लॅमर नाही, वास आहे, आवाज आहे, कधीकधी अपयश आहे. पण जिथे सगळ्यात जास्त गरज आहे ती जागा तीच आहे. क्लिनिकलच्या अभ्यासक्रमांची रचना सध्या बदलते आहे. त्यामुळे प्रवेशाआधी कोर्सला रिहॅबिलिटेशन कौन्सिलची मान्यता आहे का, ते नक्की तपासा.

तो परत आला, तर...

सगळ्यात नाजूक काळ वॉर्डातला नसतो. जगभरचे अभ्यास एका गोष्टीवर एकमत आहेत, की आत्महत्येचा धोका डिस्चार्जनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत जास्त असतो. वॉर्डात सतत कुणीतरी असतं. घरी आल्यावर दार बंद होतं, कॉलेज पुढे गेलेलं असतं आणि फोन वाजत नाही.

म्हणून चांगल्या वॉर्डात घरी जाण्याआधी पेशंटसोबत एक सुरक्षा आराखडा लिहिला जातो. कागद एकच, पण त्याचाच आधार असतो. त्रास वाढतोय हे मला कशावरून कळतं? तेव्हा मी एकट्याने काय करू शकतो? कुठे गेलो, कुणासोबत बसलो तर मन वळतं? मदत मागायची तर कुणाला? डॉक्टर, हेल्पलाइन यांचे नंबर काय? आणि घरातल्या धोक्याच्या वस्तू कोण बाजूला ठेवणार?

मधल्या दोन प्रश्नांपुढे नावं लिहायची असतात. आपलं नाव तिथे लिहिता यावं, इतकं त्याच्या जवळ आपण असायला हवं. थेरपिस्टची ती जागा आपल्याला घ्यायची नाहीये, घेऊही नये. चहाला सोबत जायचं, लेक्चरला शेजारी जागा धरायची, 'आता कसं वाटतंय' हे दर तासाला न विचारता नेहमीसारखं क्रिकेटवर भांडायचं. एवढं आपल्याला जमतं. डेंग्यूच्या वेळी जमलंच होतं.

मित्र अ‍ॅडमिट असेल, तर...

• आधी घरच्यांना विचारा, त्याला भेटायची इच्छा आहे का. 'नको' म्हणाला तर रागावू नका. आठवड्याने पुन्हा विचारा.

• भेटायला दोघंच जा. गर्दी नको, सेल्फी नको, स्टोरी तर अजिबात नको.

• 'नक्की काय झालं?' ऐवजी 'आज दिवस कसा गेला?' विचारा. तो शांत बसला तर शांत बसा.

• त्याच्या संशयावर वाद घालू नका आणि होला होही करू नका. 'तुला भीती वाटतेय हे दिसतंय मला' एवढं पुरतं.

• पुस्तक, पत्ते, स्केचबुक न्या. नेण्याआधी काय चालतं ते सिस्टरांना विचारा.

• नोट्स, अटेंडन्स, परीक्षेचे फॉर्म हे त्याला न विचारता सांभाळता येण्यासारखं काम आहे. ते वाटून घ्या. आजाराचं नाव मात्र त्याच्या परवानगीशिवाय कुणालाच सांगू नका, सरांनाही नाही.

• स्वतःला किंवा कुणाला त्रास होत असेल, तर केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही मोफत हेल्पलाइन चोवीस तास सुरू असते. नंबर १४४१६. जिवाला धोका आहे असं वाटलं, तर त्याला एकटं सोडू नका आणि थेट जवळचं हॉस्पिटल गाठा.